भ्यालेल्या योसेफाच्या वाटेने

येशूची आई पवित्र मारिया, म्हणजेच आमची मतमाउली, हिचा जन्मदिन ८ सप्टेंबरला असतो. त्या सुमारास श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते आणि आमच्या गंगापूर तालुक्यातील कॅथलिक मंडळी तिला चालत जातात. यंदा पहिल्याच दिवशी भुरभुर पाऊस लागला. आमच्याकडची काळी माती चपलेला अशी धरते की थोड्या थोड्या अंतरावर थांबून काडीने तळवा खरवडावा लागतो. एका वस्तीवर चहा देणाऱ्या म्हाताऱ्याने आम्हाला "या माउली" म्हणून बोलावले. पंढरीच्या वारकऱ्यांना तो हीच हाक घालत असणार, आणि आम्हालाही ती परकी वाटली नाही.

मी मात्र मनात एक खोटे घेऊन चालत होतो. वाळूजच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे वेल्डिंग केल्यावर, रोबोची लाइन सुरू झाली म्हणून आम्हा कंत्राटी कामगारांना ऑगस्टमध्ये थांबवण्यात आले, आणि तेव्हापासून तीन आठवडे मी रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होतो व संध्याकाळी परतत होतो. बायकोला सांगायचे धाडस नव्हते. घरच्या पुरुषाने काळजी बोलून दाखवू नये, असे आम्ही लहानपणापासून शिकलेलो असतो आणि त्यालाच श्रद्धा समजून बसतो.

मुक्कामाच्या रात्री फादरांनी मारियेचे पती संत योसेफ यांच्यावर प्रवचन केले. पोप नववे पायस यांनी १८७० साली त्यांना सार्वत्रिक ख्रिस्तसभेचे आश्रयदाते जाहीर केले, तरी शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रात, त्यांच्या तोंडचा एकही शब्द नाही, हे मी पूर्वीही ऐकले होते आणि त्यातून माझ्या मुकेपणाला आधारच मिळत असे. त्या रात्री मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील एक शब्द कानात अडकला. इजिप्तहून परतताना यहूदीयात क्रूर हेरोद राजाचा मुलगा अर्खेलाव राज्य करत आहे हे कळल्यावर योसेफ तेथे जायला 'भ्याला', आणि स्वप्नात सूचना मिळाल्यावर गालीलाकडे वळून नासरेथास राहिला. सुतारकाम करणारा, बायकोपोराची जबाबदारी असलेला माणूस भ्याला, हे शुभवर्तमानकाराने लपवलेले नाही. तो बोलला नाही, पण ज्यांना घेऊन निघाला त्यांना त्याने अंधारात ठेवले असेल, असे मला वाटत नाही. मी मात्र नेमके तेच केले होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या शेजारून चालत होता. तो रोबोच्या लाइनवरच आहे. यंत्राच्या हाताला वेल्डिंगची वाट एकेक बिंदू धरून शिकवावी लागते, पण सांधा कुठे कच्चा राहिला हे त्याच्या बरोबरीच्या पोरांना डोळ्याने ओळखता येत नाही, असे तो म्हणाला. "काका, तुम्ही मला सांधा शिकवा, मी तुम्हाला तो रिमोट शिकवतो." पुतण्याच्या हाताखाली शिकायचे हे पचायला मला अर्धा कोस लागला. अजूनही ते पुरते पचले आहे असे नाही.

गोदावरीच्या पुलावर जपमाळेच्या शेवटच्या दहा मण्यांचा जप संपला, तेव्हा मी पुढे बायकांच्या रांगेत जाऊन बायकोला सगळे सांगितले. ती चालायची थांबली नाही.

"तीन आठवडे तुमच्या हातांना जळक्या लोखंडाचा वास नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, कधी सांगताय ते बघू."