दाणा आत आला की मगच : आमची वाटचाल

आम्ही इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल, म्हणजे यंत्रांची वीज सांभाळणाऱ्या पेट्या, बनवतो. सुरुवातीला ४ जण होतो, एकाच खोलीत. कुणाच्या हातात काय आहे ते विचारावं लागत नसे, मान वर केली की दिसायचं. सातव्या वर्षी आम्ही २६ झालो आणि ते दिसेनासं झालं. वायरिंगवाले ड्रॉइंगची वाट बघत बसलेले, टेस्टिंगला ११ पॅनेल तुंबलेली आणि डिस्पॅचची तारीख उद्यावर आलेली. बारीकसारीक प्रश्नसुद्धा माझ्या टेबलावर येई आणि तिथेच अडकून पडे. एका जुन्या ग्राहकाचं काम ३ आठवडे लांबलं. ते परत आले नाहीत. मला ते फार लागलं, कारण आमच्या एकाही माणसाने कामात कसूर केली नव्हती.

त्याच काळात डेबोरा गॉर्डन या संशोधिकेच्या कामाबद्दल वाचलं. अमेरिकेत ॲरिझोना-न्यू मेक्सिको सीमेजवळच्या वाळवंटात बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांची वारुळं त्या १९८५पासून बघत आल्या आहेत. वारुळातली राणी अंडी घालते, हुकूम कुणालाच देत नाही. मग आज किती जणींनी बाहेर पडायचं, हे ठरतं कसं? दाराच्या आत थांबलेल्या मुंगीला दाणा घेऊन परतणाऱ्या मुंग्या भेटतात, स्पृशेला (डोक्यावरच्या मिशीला) स्पृशा लागते. अशा भेटी भराभर झाल्या की ती निघते. विरळ झाल्या की आतच थांबते. वाळवंटात बाहेर पडायचं म्हणजे अंगातलं पाणी खर्च करायचं. दाणे मिळत नसतील तर तो खर्च कशाला?

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होतो. आमच्याकडे नेमकं उलटं चाललं होतं. ऑर्डर आली की जॉब कार्ड, म्हणजे काम सुरू करायची चिठ्ठी, लगेच फ्लोअरवर. पॅनेल सुरू करायचं म्हणजे तांब्याचे बसबार (वीज वाहणाऱ्या पट्ट्या), स्विचगिअर (स्विच, ब्रेकर वगैरे), केबल यांत पैसा अडकवायचा. आम्ही तो अडकवत होतो आणि पुढे टेस्टिंगचं दार बंद होतं.

म्हणून नियम केला : टेस्टिंगमधून एक पॅनेल पास होऊन बाहेर पडलं की मगच नवं जॉब कार्ड. पहिला महिना कठीण गेला. रिकामे हात बघून माझा जीव खालीवर होई, दोनदा नियम मोडायची वेळ आली होती. पण रिकामे झालेले लोक आपणहून टेस्टिंगकडे वळले. कुणी फेरूल (वायरीच्या टोकावरच्या ओळखखुणा) तपासून देऊ लागलं, कुणी कंटिन्युइटी, म्हणजे वायर मध्ये कुठे तुटलेली नाही ना, ते बघू लागलं. तिसऱ्या महिन्यात तुंबलेली पॅनेल ११वरून ४वर आली.

दुसरी गोष्ट वाळवीची. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये तिच्या बांधकामाच्या रीतीला ‘स्टिग्मर्जी’ असं नाव दिलं. एका वाळवीने ठेवलेला मातीचा गोळाच पुढचीला सांगतो की तुझा गोळा इथे ठेव. निरोप कामातच असतो. आता आमच्या प्रत्येक पॅनेलच्या दारावर कार्ड लटकतं : काय झालं, काय राहिलं, कुठे शंका आहे. शिफ्ट बदलताना कुणालाही मला शोधत यावं लागत नाही. मुंग्यांच्या वाटेचा वास हळूहळू उडून जातो, म्हणून संपलेल्या अन्नाकडे जाणारी वाट आपोआप बंद पडते. तेव्हा आमच्या फळ्यावरची सूचनाही ७ दिवसांनी उतरते. हवी असेल तर पुन्हा लिहायची.

जागा बदलायची वेळ आली तेव्हा मधमाश्या आठवल्या. मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी दाखवलंय की नव्या घराच्या शोधात निघालेली माशी चांगली जागा सापडली की परत येऊन नाचते, पण तिचं ऐकून दुसरी लगेच नाचत नाही. आधी स्वतः जाऊन बघते. सगळ्यांचं एकमतही लागत नाही. एका जागी २० ते ३० माश्या एका वेळी जमल्या की निर्णय पुढे सरकतो. आमच्यापुढे ३ जागा होत्या. अट एकच : जागा बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. मला पसंत असलेल्या जागेचं दार उंच पॅनेल ट्रॉलीवरून बाहेर काढायला ठेंगणं होतं. हे डिस्पॅचमधल्या सगळ्यांत नव्या मुलाने टेप लावून दाखवलं. ती जागा तिथेच बाद झाली.

मुंग्यांची एक रीत मात्र आम्ही घेतली नाही. वारुळाबाहेरचं धोक्याचं काम तिथे सगळ्यांत वयस्क मुंग्यांवर येतं. आमचे सर्वांत जुने फिटर पहिल्या दिवसापासून सोबत आहेत. चालू वीजप्रवाहावरचं टेस्टिंग त्यांच्याकडून आम्ही काढून घेतलं. आता ते सकाळचे दोन तास नव्या मुलांना लगिंग (वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवणं) आणि फेरुलिंग शिकवतात, आणि तेवढा वेळ त्यांच्या टेबलाजवळ दुसरं काम न्यायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय.