ढाबळीची वही: 21 अंडी, 5 पिल्लं आणि मध्येच थांबवलेला हंगाम

ऑक्टोबरात जोड्या लावल्या तेव्हा वहीत 11 घरं आखली होती, एकेका जोडीला एक. आता फेब्रुवारी अर्धा सरलाय आणि त्या पानावर इतकी खाडाखोड झालीय की दुसरी फेरी नव्या पानावर घ्यावी लागली. हंगाम चांगला गेला की आपण कबुतरवाले भरभरून सांगतो, वाईट गेला की गप्प बसतो. ते गप्प बसणंच नडतं, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

पहिली फेरी: 11 जोड्या, 21 अंडी. 5 फोल निघाली, म्हणजे बीजच न धरलेली, 7 अंड्यातच मेली, 9 फुटून पिल्लं बाहेर आली. नवांपैकी 5 पिल्लं दाण्यावर आली, म्हणजे स्वतः टिपून खायला लागली. गेल्या हंगामात याच पक्ष्यांनी पहिल्या फेरीत 17 दिली होती.

आमच्याकडे सगळे होमर, म्हणजे लांबून सोडलं तरी घरी परतणारी कबुतरं, सोलापुरात, घराच्या गच्चीवर, पत्र्याची ढाबळ. सोलापूर म्हणजे ऊन आणि धूळ; ओलीचा त्रास इथं कधी जाणवलाच नव्हता. 2025 चा पावसाळा मात्र मे महिन्यातच सुरू झाला आणि सप्टेंबरात सीनाकाठची गावं पाण्यात गेली. लोकांचे संसार वाहून गेले असताना कबुतरांचं काय सांगत बसायचं, म्हणून तेव्हा कुणाशी काही बोललो नाही. पाऊस आडवा येत होता, म्हणून मी ढाबळीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. पाऊस थांबला तरी ती सोडली नाही. पक्षी कोरडे दिसत होते, मला तेवढंच पुरेसं वाटलं. पण सकाळी दार उघडलं की नाकाला झोंबणारा वास यायचा आणि फळ्यांवरची विष्ठा खरवडताना ती पावडरीसारखी निघण्याऐवजी ब्रशला चिकटायची. हे दोन्ही मी बघितलं आणि पुढं गेलो.

5 ऑक्टोबरला जोड्या लावल्या. आमच्या पेठेतले उस्ताद, ज्यांच्याकडून मी पहिली जोडी घेतली, त्यांनी विचारलं, "घाई कुणाला झालीय? तुला का त्यांना?" पिसं अजून पुरती झडून झाली नव्हती, चार माद्यांच्या पंखात शेवटची दोन पिसं जुनीच होती. पीस काढायला लागणारी ताकद आणि अंडं घालायला लागणारी ताकद एकाच अंगातून जाते. उस्तादांना हे एका नजरेत दिसलं होतं.

फोल अंड्यांचं कारण लवकर सापडलं. पाचपैकी दोन एकाच जोडीची, 3 नंबरच्या घरातली. नर नऊ वर्षांचा, घुमायला अजून पहिल्यासारखा, पण पाठीवर चढला की तोल जायचा. मला वाटलं वय झालं. मग एका दुपारी तासभर तिथंच बसून राहिलो. ज्या फळीवर ते मेळ घेत होते तिचा एक खिळा सुटला होता आणि फळी डुलत होती. खिळा ठोकला, दोघांच्या बुडाची पिसं कात्रीनं बारीक केली. दुसऱ्या फेरीत त्यांची दोन्ही अंडी भरलेली निघाली. फोल अंडी आली की नर बदलण्याआधी फळी हलवून बघा.

मेलेल्या अंड्यांचं कोडं अवघड होतं. आजवर न फुटलेलं अंडं मी उचलून टाकून द्यायचो. यंदा सातही अंडी गच्चीवर वर्तमानपत्र पसरून एकेक करून फोडली, प्रत्येकावर जोडीचा नंबर पेन्सिलीनं लिहिलेला होताच. तीन अंड्यांत नुसती रक्ताची बारीक कडी, म्हणजे पहिल्या चार-पाच दिवसांतच गेलेली. चार अंड्यांत पूर्ण वाढलेलं पिल्लू: अंगाला चिकटलेली पिवळी लव, चोचीच्या टोकावर कवच फोडायचा तो पांढरा कण, आणि पोटाशी बोराएवढा बलक आत ओढायचा राहिलेला. एकाची मान पंखाखालून बाहेर वळलेली होती, बाहेर यायच्या तयारीत. माझी आई शेजारी उभी होती, ती काही न बोलता खाली गेली. मलाही त्या रात्री जेवण गेलं नाही.

एका अंड्यावरून काही कळत नाही. सात अंडी सहा वेगवेगळ्या जोड्यांची होती, म्हणजे दोष एखाद्या जोडीचा नव्हता, सगळ्यांना सारखं मिळणाऱ्या कशाचा तरी होता: हवा, पाणी, दाणा. दाण्याचं पोतं ओतून बघितलं. वरचा मका चांगला, खालचा हाताला गार लागला आणि कुबट वास आला. दाणे मधोमध फोडले तर कोंबाजवळ निळसर-हिरवी बुरशी. बुरशी लागलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं, ते यकृतावर जातं, आणि उन्हात वाळवून किंवा धुऊन ते जात नाही. 30 किलो मका खड्ड्यात पुरला. कोंबड्यांना घालू का म्हणून एकानं विचारलं, त्याला नाही म्हणालो. तेव्हापासून दाण्यात गेल्या वर्षीची मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, हरभरा, मसूर, वाटाणा आणि मूठभर करडई. नवा मका मिळेल तेव्हा दाणे फोडून बघूनच पोतं घेईन.

मग कॅन्कर, म्हणजे पिल्लांच्या घशात पिवळा गोळा धरणारा रोग. आठ दिवसांच्या पिल्लाला पायात ओळखीची कडी घालायला उचललं तर ते तोंड उघडं ठेवूनच श्वास घेत होतं. आत बॅटरी मारली: जिभेच्या मागं पनीरच्या तुकड्यासारखा पिवळा गोळा. ते दुपारपर्यंत गेलं. चार दिवसांत आणखी तीन. नवातले चार असे गेले. जनावरांच्या दवाखान्यात घशातला चिकटा आणि विष्ठा दाखवली. सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोमोनास, म्हणजे कॅन्करचे जंतू, हलताना दिसले, विष्ठेत कॉक्सी हे आतड्यातले जंतूही होते. डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली: कॅन्करचा जंतू मोठ्या पक्ष्याच्या घशात काही त्रास न देता राहतो आणि गळ्याखालच्या पिशवीतलं दूध पाजताना पिल्लात उतरतो. म्हणून आजारी पिल्लाला औषध देऊन भागत नाही, सगळी ढाबळ एकाच वेळी औषधावर घ्यावी लागते. औषधाचं प्रमाण इथं देत नाही, ते वजनावर ठरतं, तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. एक मात्र हात जोडून सांगतो, तो गोळा कुणी ओढून काढू नका, रक्त येतं आणि पिल्लू हातातच जातं. आणि पाण्याची भांडी रोज घासून उन्हात पूर्ण वाळवा. हा जंतू ओलीत जगतो, कोरड्यात मरतो. मी आता भांड्यांचे दोन जोड ठेवलेत, एक वापरात, एक उन्हात.

तोवर नोव्हेंबर लागला होता आणि पिल्लं गेलेल्या माद्या पुन्हा अंड्यावर यायला लागल्या. इथं मी थांबायचं ठरवलं. अंडी नुसती काढून टाकली तर मादी दहा-बारा दिवसांत पुन्हा घालते आणि आणखी खंगते. म्हणून लाकूड कातणाऱ्याकडून कबुतराच्या अंड्याच्या मापाची 24 लाकडी अंडी करून घेतली. खरी काढली, लाकडी ठेवली. नर सकाळी दहाच्या सुमाराला बसायचा, दुपार कलली की मादी. 18 दिवस उलटले, आणखी दोन-तीन दिवस बसले, मग आपणहून सोडून उठले. त्यानंतर नर एका बाजूला, माद्या दुसऱ्या बाजूला, मध्ये जाळी, काही दिवस. ताडपत्री सोडली, उत्तरेकडचा एक पत्रा काढून तिथं जाळी ठोकली, जमिनीला चुना मारला. ही कामं सप्टेंबरातच करायला हवी होती. दुसऱ्याच आठवड्यात विष्ठा पुन्हा घट्ट, पांढऱ्या टोपीची पडायला लागली.

26 डिसेंबरला जोड्या लावल्या, पण अकरा नाही, सातच. बाकीच्या चार माद्या यंदा उडतील, खातील, एवढंच. त्यात माझी सगळ्यात लाडकी चेकर, म्हणजे पंखांवर चौकड्यांची नक्षी असलेली, मादी आहे. तिनं पहिल्या फेरीत एकच अंडं घातलं, तेही पातळ कवचाचं. शिंपल्याचा चुरा, विटेचे बारीक तुकडे, कोळसा आणि मीठ समोर ठेवलंय, ती दिवसातून चार वेळा तिथं जाते. तिला वर्षभर सोडायचं हे कळत होतं, तरी ठरवायला मला आठवडा लागला.

दुसरी फेरी: 14 अंडी, 1 फोल, 1 मेलं, 12 फुटली. एका घरात दोन पिल्लांमध्ये दीड दिवसाचं अंतर पडलं. मोठं दोघांचं दूध पिऊन फुगलेलं, धाकट्याच्या गळ्याखालची पिशवी रिकामी, कातडी सुरकुतलेली. शेजारच्या घरात त्याच वयाचं एकटंच पिल्लू होतं, संध्याकाळी अंधार पडल्यावर धाकट्याला तिथं सरकवलं. सकाळी हात घातला तर ती पिशवी भरलेली, मऊ आणि कोमट लागली. दुसऱ्या एका घरातलं मात्र तिसऱ्याच दिवशी गेलं, कारण समजलं नाही. अकरा पिल्लांना कड्या घातल्या: पुढची तीन बोटं कडीतून सरकवायची, मागचं बोट अलगद ओढून सोडवायचं. एकाचाही घसा पिवळा नाही, रोज बॅटरीनं बघतोय.

शेजारी विचारतात, दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण झाल्यापासून जास्तच. त्यांची काळजी खरी आहे, विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसं खराब होऊ शकतात. मी मास्क लावल्याशिवाय ढाबळीत जात नाही, खरवडण्याआधी पाण्याचा हलका फवारा मारतो आणि पोतं बंद करूनच खाली नेतो.

आता मोठी पिल्लं घरट्याच्या परळाच्या (पसरट भांड्याच्या) कडेवर उभी राहून पंख झाडतात. 3 नंबरची जोडी पुन्हा कडुनिंबाच्या काड्या गोळा करायला लागलीय, म्हणजे चार-पाच दिवसांत अंडं येईल. त्यांची ही फेरी ठेवतो. 15 मार्चनंतर येणाऱ्या अंड्यांसाठी लाकडी अंडी धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवलीत. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पिल्लं काढायची नाहीत.