मैत्रिणीला कृती सांगताना

दिवाळीच्या आधीचा रविवार

आजची दुपार चकलीच्या भाजणीची कृती लिहिण्यात गेली. शाळेपासूनची मैत्रीण लंडनला असते. यंदा तिला घरीच चकल्या करायच्या आहेत. "तुमच्याकडची भाजणी सांग ना," एवढंच तिने विचारलं होतं. प्रमाण सांगायला काय लागतं? चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. हे तिला कुठेही मिळालं असतं. मला विचारलं, याचा अर्थ तिला याच्या पुढचं हवंय असं मी धरते.

म्हणून आधी मीच तिला प्रश्न विचारले. दळणार कुठे? शेगडी कसली? तांदूळ कुठला मिळतो? तिच्याकडे गिरणी नाही, मिक्सर आहे. शेगडी विजेची, लाल होणाऱ्या वेटोळ्याची. या दोन गोष्टी कळल्यावर माझी नेहमीची कृती निम्मी बदलली.

इथे मी गिरणीवाल्या दादांना बजावून सांगते, भाजणी गव्हावर दळू नका, हरभऱ्याच्या डाळीवर किंवा तांदळावर दळा. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहतं, ते गव्हाचं असलं की चकली मऊ पडते. तिला ही काळजी नाही, पण मिक्सरमध्ये पीठ जाडसर राहतं आणि चकली सोऱ्यातून पडताना तुटते. तेव्हा थोडं थोडं दळायचं, भांडं तापलं की थांबायचं आणि मैद्याच्या चाळणीने चाळून वरचा रवा परत दळायचा. तांदूळ धुऊन फडक्यावर सावलीत पसरायचे, हाताला ओल लागेनाशी झाली की भाजायला घ्यायचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. जिरं क्षणात भाजून होतं, हरभरा डाळीला वेळ लागतो. सगळं एकदम कढईत टाकलं तर जिरं करपतं आणि डाळ कच्ची राहते.

उकडीचं मी असं लिहिलं: वाटीभर भाजणीला वाटीभर पाणी आणि एक मोठा चमचा तेल. पाण्यातच तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ. पाणी खळखळून उकळलं की शेगडी बंद करून भाजणी घाल, ढवळ आणि झाकण ठेव. मग एका वेळी सोऱ्यात मावेल एवढाच गोळा मळ, बाकीची उकड झाकलेलीच असू दे. तिकडच्या थंडीत ती लवकर कडक होईल. पहिल्या चकलीला तुकडे पडायला लागले तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळ. चकली तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळ.

तळण्यावर सगळ्यात जास्त लिहिलं, कारण तिथेच ती एकटी असणार. तेलात उकडीचा कण टाक. तो तळाशी बसला तर तेल तापलेलं नाही, टाकल्याटाकल्या लाल होऊन वर आला तर फार तापलंय. चकली सोडल्यावर भरपूर बुडबुडे येतील, मग ते हळूहळू कमी होतील. ते जवळजवळ थांबेपर्यंत काढू नकोस. रंग बघून काढलीस तर बाहेरून खमंग दिसेल आणि डब्यात दुसऱ्या दिवशी मऊ लागेल. तिच्या शेगडीवर आच कमी केली तरी वेटोळं तापलेलंच राहतं, तेव्हा तेल तापतंय असं वाटलं तर कढईच बाजूला सरकवायची.

लिहून झाल्यावर पाहिलं, तर प्रमाण वरच्या दोन ओळींत होतं आणि बाकी सगळ्या खुणा. मला वाटतं कृती अशीच द्यायला हवी. "लालसर होईपर्यंत भाजा" हे वाक्य मला कधी पुरलेलं नाही. किती लालसर, आणि त्याआधी वास कसा येतो? उडदाची डाळ रंग बदलायच्या आधी वासाने सांगते, मुगाची डाळ किंचित गुलाबीसर दिसते. हे सांगायचं नसेल तर मैत्रिणीला कृती दिली असं म्हणण्यात काय अर्थ आहे?

तुळशीचं लग्न झाल्यानंतर

लंडनहून निरोप आला, चकल्या झाल्या. पहिला घाणा शेजारच्या गुजराती काकूंकडे गेला म्हणे. फार बरं वाटलं.

आज दुसरीच अडचण आली. ऑफिसातली मैत्रीण नुकतीच पुण्याच्या बाहेर नव्या सोसायटीत राहायला गेली. माझी चिंचगुळाची आमटी तिला फार आवडते. तिने लिहिल्याबरहुकूम केली, पण कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ अख्खीच. तिला वाटलं डाळ जुनी. मी विचारलं, पाणी कुठलं? बोअरचं. मग उलगडा झाला. जड पाण्यातले क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. त्यात ती वेळ वाचवायला चिंचेचा कोळ कुकरमध्येच घालत होती. आंबटानेही डाळ अडून बसते. तिला सांगितलं, डाळ पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात तासभर भिजव, त्याच पाण्यात शिजव, पूर्ण घोटून झाल्यावरच चिंच आणि गूळ घाल. रात्री फोटो आला, आमटीचा आणि रिकाम्या पातेल्याचाही.

माझ्या घरी महापालिकेचं पाणी येतं, म्हणून माझ्या कृतीत पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आता ते वहीत घातलंय. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेल्याशिवाय आपली कृती पुरी होत नाही, हे मला अशा वेळी फार जाणवतं.

चंपाषष्ठीची रात्र

हात अजून धुराचे आणि लसणाचे आहेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

जळगावच्या मैत्रिणीने घातलेला घाट आज पार पडला. तिच्या भावाने गावाकडून भरताची वांगी पाठवली होती. लांबोडकी, फिकट हिरवी, हातात घेतली की दिसतात त्यापेक्षा हलकी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिच्या बोलण्यातून मात्र वाटतं की तिकडे ते आधीपासूनच मिळालेलं होतं. थंडीत शेतात भरताच्या पंगती बसतात आणि शे-दोनशे माणसांचं भरीत माणसं मिळून ठेचतात, हे ती कॉलेजपासून सांगत आलीय. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा पानात येतं. आमच्याकडे तो नेम आहे, म्हणून दिवस आजचाच ठरला.

आमच्या घरचं भरीत दह्यातलं. वांगं भाजायचं, सोलायचं, कच्चा कांदा, दही, वर मोहरी-हिंगाची फोडणी. मला ते अजूनही प्रिय आहे. पण खानदेशी भरीत हा वेगळाच पदार्थ आहे, आणि तो मला आजवर जमत नव्हता असं नाही, तर कुणी नीट दाखवलाच नव्हता. आज तिने एकेक गोष्ट थांबून सांगितली.

तिने वांग्यांबरोबर तुरीच्या वाळक्या काड्यांची मोळीही आणली होती. आमच्या मामांच्या वाडीवर विटा मांडून त्या पेटवल्या. काड्या भरभर पेटतात, जाळ मोठा होतो आणि लगेच खाली बसतो, म्हणून वांगी सतत फिरवायची. देठ काढायचे नाहीत, धरायला तेच लागतात. वांगं देठापाशी दाबून बघायचं. पोट मऊ झालं तरी मान कडक असेल तर अजून हवं. उतरवल्यावर सगळी एका पातेल्यात झाकून ठेवली, वाफेने साल आपोआप सुटली. ती पाण्याखाली धुवायची नाही, हे तिने दोनदा सांगितलं. धुतलं की धूर गेला.

मिरच्या हिरव्या, पोपटी, निखाऱ्यावर भाजलेल्या. लसूण सढळ. दोन्ही आधी बडगीत ठेचले, मग त्यात वांगी. बडगी म्हणजे लाकडाची खोलगट उखळी, तिच्या आजीची. मिक्सर मी सुचवला नाही, पण दुसऱ्या एकीने विचारलंच. "त्यात त्याची चटणी होते गं. भरताला दोरे दिसले पाहिजेत," असं म्हणून तिने बोटाने दोरे दाखवले. फोडणीला तेल भरपूर, त्यात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळसर होऊ द्यायचे, मग जिरं, कांद्याची पात, ठेचलेलं भरीत, मीठ, कोथिंबीर. हळद नाही. भरीत पांढुरकं-हिरवं दिसायला हवं. तेल कडेने सुटलं की उतरवायचं.

गॅसवर करायचं तर? हे मीच विचारलं, कारण आमच्यातल्या कुणाकडे रोज तुरीच्या काड्या असणार? ती थोडी विचारात पडली. मग म्हणाली, वांग्याला तेलाचा हात लाव, दोन ठिकाणी सुरीने टोच, जाळी ठेवून मोठ्या आचेवर भाज, आणि साल काढताना जळके कण थोडे राहू दे. कोळशाचा धूर देऊ नकोस, त्याचा वास वेगळा. हे उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आपल्या घरची चव जिथे पूर्ण येणार नाही तिथेही तिने दुसरीला वाट काढून दिली.

मालवणची मैत्रीण भरीत खाता खाता म्हणाली, मग मीही आज तिरफळांचं सांगते. तिरफळ म्हणजे कोकणात माशांच्या रश्श्यात घालतात ते वाळकं फळ. तिने मागे मला डबीभर तिरफळं दिली होती आणि ती तशीच पडून होती. आतलं काळं बी टाकून द्यायचं, सालं पाण्यात जराशी चेचायची आणि पाण्यासकट उकळत्या रश्श्यात सोडायची. वाटणात वाटली की कडवटपणा येतो. बांगड्याला आणि तारलीला तिरफळ हवंच, पापलेटाला ती घालत नाही. एक साल मी नुसतंच चावून पाहिलं, जीभ बराच वेळ बधिर होती. त्या मुंग्यांतूनही मागे लिंबाच्या सालीसारखा वास येत राहतो, तोच रश्श्यात उतरतो.

बोलता बोलता एकीने सांगितलं की तिच्या ओळखीच्या एका बाईंनी गोड्या मसाल्याची यादी दिली, पण दगडफूल गाळून. मसाला चांगला झाला, पण त्यांच्यासारखा झाला नाही. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटलं. दगडफूल कोरडं हुंगलं तर त्यात काही नाही, जरा तेलावर परतलं की मगच मसाल्याला तो खोल वास येतो. ते लपवून कुणाच्या घरचं काय वाढतं? माझ्या मसाल्यातलं सगळं मी तिथेच तिला सांगितलं. खोबरं आणि तीळ वेगळे भाजून शेवटी घालायचे, नाहीतर दळताना तेल सुटून गोळा होतो, हेसुद्धा.

पुऱ्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या होत्या. ज्वारीच्या चौथ्या हिश्शाने अख्खे उडीद, दळतानाच खडेमीठ. जाताना सगळ्यांनी कळणा मागितला. ज्वारी आणि उडीद निवडून ठेवलेत, उद्या सकाळी गिरणीत द्यायचे, आणि ज्वारीवरच दळायला सांगायचं. मालवणच्या मैत्रिणीच्या पिशवीवर चिठ्ठी लावायची आहे: मीठ पिठात आहे, वरून घालू नकोस, कोमट पाण्यात घट्ट भिजव, आणि पुरी जाडसर थाप, लाटायला गेलीस तर कडेने चिरेल.