तुरीची नोंदवही : दोन टोबण्या, दोन अंतरे (ऑक्टोबरअखेर)

परभणीजवळच्या आमच्या घरामागील दोन गुंठे काळ्या जमिनीत यंदा मी केवळ निरीक्षणासाठी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे ‘बीडीएन ७११’ हे तुरीचे वाण टोबले आहे, म्हणजे बी हाताने ठरावीक अंतरावर मातीत पुरून पेरले आहे. पहिली टोबणी १८ जूनला वापसा (पावसानंतर जमिनीत पेरणीजोगी ओल) येताच केली आणि दुसरी मुद्दाम लांबवून २० जुलैला केली. दोन्ही वेळी ओळींमध्ये चार फूट अंतर ठेवले. मात्र प्रत्येक ओळीच्या अर्ध्या भागात झाडे एक फुटावर आणि उरलेल्या अर्ध्या भागात अडीच फुटांवर आहेत. शेंडे खुडले नाहीत, कारण खुडणीमुळे फुटलेल्या फांद्या कोणत्या आणि मोकळ्या जागेमुळे फुटलेल्या कोणत्या, हे नंतर सांगता आले नसते.

जूनच्या तुरीला पहिले फूल २८ सप्टेंबरला, म्हणजे १०२व्या दिवशी दिसले. जुलैच्या तुरीला ते ११ ऑक्टोबरला, ८३व्या दिवशीच आले. टोबणीतील ३२ दिवसांचा फरक फुलोऱ्यापर्यंत १३ दिवसांवर आला. तूर ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती आहे. आपल्याकडे जूनच्या अखेरीस सुमारे सव्वातेरा तासांचा असलेला दिवस सप्टेंबरअखेर बारा तासांवर येतो, आणि लांबत जाणारी रात्र पानांना जाणवली की झाडाचे वय कमी असले तरी कळ्या धरू लागतात. निरनिराळ्या तारखांना पेरलेले सोयाबीन जवळपास एकाच सुमारास का फुलते, या कोड्याचा उलगडा अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्ये याच दिशेने केला होता. उशिराच्या झाडांना अंग धरायला वेळच कमी मिळतो : माझी जूनची झाडे साडेपाच फुटांची आहेत, तर जुलैची जेमतेम चार फुटांची.

अंतराचा परिणाम मला याहून अधिक विलक्षण वाटला. जूनच्या दाट भागात झाडाला सात-आठ फांद्या आहेत आणि त्याही खोडावर बऱ्याच वर फुटलेल्या; विरळ भागात पंधरा-सोळा असून त्या थेट बुडापासून निघाल्या आहेत. दाट भागातील रोपे एकमेकांवर सावली पडण्याआधीच उंच जाऊ लागली होती. पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्यापलीकडचा गडद लाल प्रकाश परतवतात. या दोहोंचे बदललेले प्रमाण फायटोक्रोम हे रंगद्रव्य टिपते आणि शेजारी कोणी आहे हे झाडाला आधीच कळते. एका ओळीत नांग्या (रोपे नसलेल्या रिकाम्या जागा) पडल्या होत्या आणि त्या मी भरल्या नाहीत. तेथे दोन्ही बाजूंच्या झाडांनी रिकाम्या जागेकडेच जाड फांद्या सोडल्या आहेत आणि उलट बाजू मात्र उघडीच ठेवली आहे.

जुलैच्या विरळ भागात अजूनही दोन झाडांमधली माती दिसते. फुलोरा लागेपर्यंत ती जागा झाकण्याइतका वेळ त्या झाडांना मिळालाच नाही. एक फुटावरच्या झाडांनी मात्र ती ओळीत झाकली आहे. म्हणून पेरणी लांबली तर झाडांतील अंतर कमी करावे, असे माझे मत बनत चालले आहे. काढणीनंतर चारही भागांतील दाणे झाडागणिक नव्हे, तर चौरस मीटरमागे वजन करून येथे नोंदवीन.