बाईक फिटची नोंद: डावा गुडघा अखेर शांत

सायकल शरीराला जुळवून घ्यायचा, म्हणजे बाईक फिटचा, खटाटोप चालूच आहे. कालच्या लांब सायकल राईडमध्ये शेवटच्या चढापर्यंत डाव्या गुडघ्याने कुरकुर केली नाही! मागच्या नोंदीत ज्या कात्रीत सापडलो होतो ती सुटली, म्हणून हे सविस्तर.

सॅडल (सायकलची सीट) ५ मिमी खाली घेतली की डाव्या वाटीखाली दुखायचं, तेवढीच वर घेतली की उजव्या गुडघ्यामागची शीर ताणायची. पुढून दुखलं तर सॅडल खाली किंवा फार पुढे, मागून दुखलं तर उंच, हा आपला नेहमीचा आडाखा. पण एकाच माणसाला दोन्ही तक्रारी असतील तर? मांडीच्या आतून पायाची लांबी ८२ सेंमी, गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँक (पेडलचे दांडे) फिरतात त्या मध्यापासून सॅडलची उंची ७२.४ सेंमी. सायकलपटू ग्रेग लेमाँडचं हे सूत्र सुरुवातीला फार कामाचं, पण ते दोन्ही पाय सारखेच धरून चालतं.

उत्तर ट्रेनरवर (जागेवरच सायकल चालवायचा स्टँड) सापडलं. खुब्याच्या बाजूचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोटा, तिन्हीवर टिकल्या लावून या वेळी दोन्ही बाजूंनी आणि मागूनही व्हिडिओ घेतला. पेडल तळाशी असताना उजवा गुडघा ३० अंशांत वाकलेला, डावा ३५. दोन्ही कोन २५ ते ३५च्या पट्ट्यात बसतात, म्हणून एकेकटे पाहिले तर पास! मागून घेतलेल्या व्हिडिओत मात्र सगळं उघड झालं: उजवा पाय खाली जाताना कंबर दर फेरीला त्या बाजूला खचत होती. पाय पेडलपर्यंत पोचायला कमी पडत होता.

माझं ठाम मत: फिटिंग कोणाकडूनही करून घ्या, पण एकाच बाजूच्या चित्रीकरणावर समाधान मानू नका. फोन क्रँकच्या मध्याच्या उंचीवर, शक्य तितका लांब आणि सायकलला काटकोनात ठेवला तर घरच्या घरीही चांगलं कळतं. सेटबॅकसाठी (सॅडल क्रँकच्या मध्यापासून किती मागे ते पाहायला) मला अजूनही साधा ओळंबाच आवडतो.

लगेच बुटाखाली शिम (उंची भरून काढणारी पातळ चकती) घातली नाही. स्नायू आखडल्यामुळे कंबर तिरकी होत असेल तर शिमने दुखणं नुसतं दुसरीकडे सरकतं. फिजिओने कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले, खुब्यांची हालचाल तपासली. उजवा पाय खरोखरच थोडा आखूड आहे. मग उजव्या क्लीटखाली (क्लीट म्हणजे बुटाच्या सोलला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) ३ मिमीची शिम. फरक एकदम पूर्ण भरून काढायचा नाही, शरीराने बरीचशी जुळवाजुळव आधीच केलेली असते. आणि शिमबरोबर लांब बोल्ट घ्याच. जुन्या बोल्टचे आटे सोलमध्ये पुरेसे बसत नाहीत, क्लीट सुटलं तर मोठी पंचाईत.

शिमनंतर सॅडलही ३ मिमी वर. उजवा पुन्हा ३०वर, डावा ३३च्या आसपास, आणि कंबर जवळजवळ सरळ! तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. (सॅडल १ सेंमी वर गेली की ७३ अंशांच्या सीटट्यूबवर (सॅडलखालची तिरकी नळी) जवळजवळ ३ मिमी मागेही जाते. ३ मिमीला ते जेमतेम १ मिमी, म्हणून सॅडल रेलवर पुढेमागे हलवली नाही.)

क्लीट पिवळेच, ६ अंश फ्लोटचे, म्हणजे पेडलवर बुटाला तेवढं वळायला जागा. कमी फ्लोटच्या निळ्यांचा विचार तूर्त सोडला.

उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर व्हायची, त्यासाठी १०० मिमीचा स्टेम (हँडलबार धरणारा आडवा तुकडा) काढून ९०चा लावणार होतो. काल मुंग्या जवळजवळ आल्याच नाहीत. कंबर तिरकी असताना त्या हातावर जास्त भार येत असणार. म्हणजे स्टेमला आता हात लावायचा नाही. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

खरं तर यानंतर सॅडलची रुंदी पाहायची होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी १७२.५ मिमीच्या जागी १६५चा क्रँक लावावा. तळाचा कोन राखायला सॅडल ७.५ मिमी वर जाईल, शिवाय पेडल माथ्यावर तेवढंच खाली येईल. म्हणजे वर गुडघ्याला १५ मिमी जास्त मोकळीक, आणि जास्त वाकणाऱ्या डाव्याला ती हवीच आहे. हँडलबार मात्र ७.५ मिमी खाली पडल्यासारखा होईल, तर स्टेमखाली एक स्पेसर (उंची वाढवणारी कडी) वाढवावा लागेल.

शिम असलेल्या बाजूचं क्लीट कोणी २ मिमी मागे नेऊन पाहिलंय का? क्रँक येईपर्यंत तेवढं करून बघायचा विचार आहे.