कुटुंबाचा धर्म

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आमचं घरोघरचं सर्वेक्षण चालू होतं. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, सुरू असल्यानं माणसं भेटत ती अंधार पडल्यावरच. एका घराच्या सपरीत (ओसरीत) बसून मी फॉर्म काढला. त्यात ‘कुटुंबाचा धर्म’ असा एकच रकाना होता.

"गोंडी लिवजा," आजोबा म्हणाले. "आमी पेनाले, आमच्या देवाले पुजतो. माघ पुनवेले कचारगडच्या जत्रेले जातो."

"बाबा, पोराच्या टीसीवर हिंदू हाये," मुलगा म्हणाला. "माह्यासमोर तेच लिवा."

नातसून आतून आली. "माह्या नावासमोर बौद्ध लिवा, मॅडम."

मी थांबले. भांडण होईल असं वाटलं होतं, पण आजोबा शांतपणे म्हणाले, "ज्याचं त्याच्या नावासमोर लिवजा ना."

देशाच्या जनगणनेत प्रगणकाला नेमकी हीच सूचना असते: प्रत्येकाचा धर्म वेगळा विचारा, सांगतील तेच लिहा, जातीवरून धर्म ठरवू नका. 2011 मध्ये सहा धर्मांना ठरलेले अंक होते, बाकीच्यांचं नाव अक्षरांत लिहायचं होतं. असे ‘इतर’ सुमारे 79 लाख निघाले, त्यांत गोंडी सांगणारे 10 लाखांवर. लोकांनी स्वतः काय सांगितलं याला किती वजन असतं, हे विदर्भाला सांगायला नको. महाराष्ट्रात 1951 साली बौद्ध काही हजार होते, नागपूरच्या 1956 च्या धम्मदीक्षेनंतर 1961 ला सुमारे 28 लाख.

अभ्यासक विविधता मोजतात ती अशी: कुठलीही दोन माणसं उचलली, तर त्यांचे धर्म वेगळे निघण्याची शक्यता किती? 2011 च्या आकड्यांवरून भारतासाठी ती साधारण 0.34 येते. गणित सोपं आहे, पण ते सगळं रकान्यांवर उभं आहे. समजा, गावात निम्मे गोंडी आणि निम्मे हिंदू लिहिले, तर उत्तर 0.5. तीच माणसं सरसकट हिंदू लिहिली, तर शून्य. गाव तेच, पूजाही त्याच. मला हे भयंकर वाटतं, कारण पुढे धोरणं आणि भाषणं त्या शून्यावर होतात.

त्या घराच्या फॉर्मवर मी समासात तिघांची नावं आणि तिघांची उत्तरं लिहिली. रात्री मुक्कामावरून समन्वयकांना सविस्तर कळवलं: प्रत्येक सदस्यासमोर वेगळा रकाना हवा, आणि ‘इतर’पुढे नाव लिहायला जागा. पुढच्या गावांच्या फॉर्मात वेगळे रकाने आले. नावाची जागा मी अजून मागतेच आहे.