हतनूरचा फुगवटा आणि पालचा ओढा: जानेवारीतल्या तीन दिवसांचा वृत्तांत

तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ एकत्र येतात आणि तिथून खाली हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपाशी अडतात. धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे चढलेलं पाणी, दोन्ही नद्यांच्या पात्रांत वरपर्यंत शिरतो. हिवाळ्यात या उथळ, गाळाने भरलेल्या पाण्यावर बदकं उतरतात, म्हणून जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी इथे दरवर्षी माणसं येतात. ही गणना १९८७ पासून चालू आहे. या वेळी पक्ष्यांच्या मोजणीला पाण्याची तपासणी जोडली होती. तिसरा दिवस सातपुड्यातल्या ओढ्यावर होता. पाच जण, तीन दिवस, एक गाडी. पुढच्या वर्षी जे येतील त्यांच्यासाठी हे टिपण.

आधी कागदपत्रं. पालचा ओढा ज्यात येतो त्या यावल अभयारण्याच्या हद्दीत नमुने गोळा करायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. पत्रात कोणत्या तारखा, कोणते जीव, किती नमुने आणि कोणत्या जाळीने हे सगळं स्पष्ट लिहा. नुसतं ‘अभ्यासासाठी’ लिहिलेलं पत्र नाक्यावर उपयोगी पडत नाही. धरणाच्या भिंतीवर कॅमेरा आणि दुर्बिणीचा ट्रायपॉड उभा केला की पहारेकरी विचारणारच. भिंतीवरून मोजायचं असेल तर पाटबंधारे खात्याला आधी कळवा, नाहीतर भिंतीपासून लांबचा काठ धरा. त्याच भेटीत त्या दिवसाची पाणीपातळी विचारून घ्या. पूर्ण भरलेलं हतनूर २१४ मीटरवर असतं आणि पातळी थोडी उतरली तरी पसरट काठामुळे केवढा तरी चिखल उघडा पडतो. चिखल वाढला की तुतवार, शेकाटे वाढतात आणि बदकं लांब सरकतात. पातळीची नोंद नसेल तर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. गणनेच्या अर्जात हा रकाना बरेच जण रिकामा सोडतात आणि मग पक्षी कमी झाल्याच्या बातम्या होतात.

भुसावळला आदल्या दुपारी पोचावं. संध्याकाळ उपकरणांसाठी ठेवायची. पीएच मीटर जुळवायला ७ आणि ९.२ ची बफर द्रावणं (पीएच ठरावीक असलेली) वापरा. बसाल्टवरून येणारं हे पाणी अल्कधर्मी असतं, ४ च्या बफरचा इथे उपयोग नाही. वाहकता मीटर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा) १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर जुळवून घ्या. रेल्वेने येणाऱ्यांनी आम्ल बरोबर आणू नये, ते नियमात बसत नाही आणि बाटली फुटली तर डब्यातल्या सगळ्यांची पंचाईत. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला आठ दिवस आधी कळवलं की तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि ताजं थायोसल्फेट मिळतं. नमुन्यांसाठी लागणाऱ्या अल्कोहोलचा उत्पादन शुल्क परवाना संस्थेच्या नावावर असतो. त्याची प्रत आणि संस्थेचं पत्र गाडीत समोरच ठेवा.

पहिला दिवस पक्ष्यांचा. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांनी उगवतो. त्याआधी अर्धा तास जागेवर असायला हवं, पण धुकं असेल तर मोजायची घाई करू नका. जागा निवडताना एवढंच लक्षात ठेवा: या दिवसांत सूर्य आग्नेयेला उगवून दक्षिणेकडून जातो. म्हणून दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहिलं की दिवसभर ऊन पाठीशी राहतं आणि लालसरीचं डोकं लाल दिसतं. रावेर तालुक्याच्या बाजूच्या काठावरून पाहिलं तर सगळी बदकं काळी. तिकडून मोजायचं तर फक्त अशा खाडीत, जिथे पक्षी तुमच्या उत्तरेला असतील. हे ध्यानात न घेतल्यामुळे आमच्या दुसऱ्या जोडीची सकाळ जवळपास वाया गेली. त्यांच्या कागदावर निम्मी बदकं ‘अनोळखी’ राहिली. ती तशीच ठेवली हे मात्र बरं केलं. अंदाजाने ‘थापट्या’ लिहिण्यापेक्षा ‘अनोळखी बदक’ हा प्रामाणिक आकडा आहे.

मोजायची रीत: एक जण दुर्बिणीला, एक जण वहीला. दुर्बिणीवाल्याने डोळा काढायचा नाही, वहीवाल्याने पक्षी बघायचे नाहीत. थव्यातले १० पक्षी एकेक करून मोजा, ते डोळ्यांत बसवा, मग तेवढेच तुकडे थव्यावर टाकत जा. मोठ्या थव्याला ५० चा किंवा १०० चा तुकडा. पहिल्यांदा मोजणारा जवळजवळ नेहमी कमीच मोजतो, कारण मागच्या रांगेतले पक्षी पुढच्यांच्या आड असतात. त्यामुळे प्रत्येक मोठ्या थव्याचे एकमेकांवर थोडे चढणारे फोटो घ्या आणि रात्री चौकटी आखून मोजून बघा. दोन आकड्यांत एक-चतुर्थांशाहून जास्त फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवा.

स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे ट्रायपॉडवरच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीला, ६० पट मोठं करण्याचा मोह होतो. साडेदहानंतर उघड्या चिखलावरून वाफाळलेली हवा थरथरायला लागते आणि ६० वर फक्त ती थरथर मोठी दिसते. २५ ते ३० वर थांबा. त्यानंतर पाण्यावरचे पक्षी सोडून काठावरच्या कामाला लागा.

दलदली भोवत्या किंवा मोरघार वरून गेली की सगळं पाणी उठतं. मोजणी तिथेच थांबवायची, दहा मिनिटं द्यायची आणि त्या टप्प्याची मोजणी पहिल्यापासून करायची. उठलेला थवा शेजारच्या टप्प्यात उतरला तर तिथे दुसऱ्यांदा मोजला जातो, म्हणून जोड्यांनी घड्याळं जुळवून एकाच वेळी सुरुवात करावी आणि थवा कुठून कुठे गेला ते वेळेसकट लिहावं. दोन्ही वह्या रात्री समोरासमोर ठेवल्या की दुहेरी नोंदी सापडतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक थांब्याची वेगळी यादी करा, किती मिनिटं आणि किती अंतर हे भरा. सगळ्या जलाशयाची मिळून एकच यादी टाकली तर पुढच्याला कुठे उभं राहायचं हेच कळत नाही. वहीत न दिसलेल्या, पण अपेक्षित असलेल्या पक्ष्यांसमोर शून्य लिहा. शून्य आणि कोरी जागा यांत फार मोठा फरक आहे.

पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेर चालू असते. हरभरा, गहू, पुढे डांगरं. ही शेतं आहेत, माळरान नव्हे. बांधाबांधाने जा आणि विचारून जा. विचारलेल्या शेतकऱ्यानेच कुठे पाय रुततो ते दाखवलं. त्याची फार गरज असते, कारण इथला पोयटा वरून पापडी धरलेला आणि खाली लोणी. गमबूट त्यात आत ओढला जातो आणि पाय तेवढा वर येतो. कॅनव्हासचे नाडीचे बूट आणि पुढे टोचून बघायला दोन मीटरचा बांबू हेच बरं. रुतलात तर उभं राहून पाय ओढू नका, मागे बसा, बांबू आडवा टाका आणि त्याच्यावर भार देऊन एकेक पाय सोडवा. एकट्याने पाण्याच्या रेषेपर्यंत जायचं नाही.

जेवण सावद्याच्या बाजूला. जानेवारीत बामणोदकडची भरिताची वांगी बाजारात असतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत मिळत असताना दुसरं काही मागवणं हा शुद्ध गाढवपणा. फक्त दुपारी मोजणी असेल तर बेताने खा.

दुसरा दिवस पाण्याचा. विरघळलेला प्राणवायू एकदाच मोजून जाणारे गट बघितले की हळहळ वाटते. हतनूरच्या उथळ भागात पाणवनस्पती दाट आहेत. दिवसा त्या प्राणवायू सोडतात, रात्रभर त्या आणि बाकी सगळे तो वापरतात. त्यामुळे सर्वांत कमी आकडा पहाटे सापडतो आणि सर्वांत जास्त दुपारी दोन-तीनला. २० अंश तापमानाच्या पाण्यात संपृक्तता, म्हणजे हवेतून विरघळून मावेल तेवढा प्राणवायू, लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम असते. दुपारी त्याच्या वर आकडा आला तर मीटर बिघडला असं समजू नका, आणि पाणी फार छान आहे असंही नाही. माशांना त्रास होतो तो पहाटे. एकाच ठिकाणी सूर्योदयापूर्वी आणि दुपारी असे दोन नमुने घ्या, वेळ मिनिटासकट लिहा.

मीटर असला तरी विंकलरची पद्धत, म्हणजे रसायनं घालून प्राणवायू मोजायची रीत, बरोबर असू द्या. ३०० मिलिची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, दोन-तीन वेळा पाणी बदलेल इतकं वाहू द्यायचं, बुडबुडा राहिला तर ओतून परत. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिलि मँगेनस सल्फेट, २ मिलि अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाहीच म्हणायचा. साका निम्म्यापर्यंत बसला की २ मिलि आम्ल घाला आणि तो विरघळेपर्यंत हलवा. बाटली काळ्या कापडात गुंडाळली की काही तास टिकते, म्हणजे अनुमापन (थेंबाथेंबाने थायोसल्फेट घालून रंग जाईपर्यंत मोजणं) हलत्या नावेत न करता खोलीवर करता येतं. २०३ मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने करा. या मापाला १ मिलि थायोसल्फेट म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम प्राणवायू. स्टार्च घालायचा तो द्रावण फिकट गवती झाल्यावर, आधी घातला तर निळा रंग सुटता सुटत नाही. रंग गेल्यावर दोन मिनिटांनी परत निळसर झाला तर दुर्लक्ष करा. बाटलीतलं थायोसल्फेट महिनाभर जुनं असेल तर वापरण्याआधी त्याची प्रमाणता पुन्हा तपासा. आमच्याकडचं एक असंच निघालं आणि पहाटेचे सगळे आकडे दुरुस्त करावे लागले.

पारदर्शकतेची सेकी चकती २० सेंटिमीटरची, काळी-पांढरी. नावेच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून, सकाळी १० ते दुपारी २ मध्ये सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना परत दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. दोरीवरच्या खुणा दोरी भिजवून, ताणून मग करा, नाहीतर नायलॉन ओलं झाल्यावर मापं चुकतात. चकतीखाली वजन कमी असेल तर वाऱ्यात ती तिरकी होते आणि खोली जास्त वाटते.

नाव मासेमाऱ्याचीच घ्या, पण जाळी उचलून झाल्यावर. कोणाच्या जाळ्यावरून नाव नेली तर पुढच्या गटाला नाव मिळणार नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर चढू नका, त्यांना सवय असते, तुम्हाला नसते. लाइफ जॅकेट स्वतःचं न्या. भाव आधी ठरवा आणि दुपारच्या फेरीचेही पैसे धरा. कोणत्या महिन्यात कोणता मासा जाळ्यात कमी झाला हे नाववाल्याला विचारा आणि त्याच्याच शब्दांत, माशाच्या स्थानिक नावासकट लिहून घ्या.

तिसऱ्या दिवशी सावदा, खिरोदा आणि घाट चढून पाल. सातपुड्यातून उतरणारे ओढे पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांत आणि भरड वाळूत मुरून जातात. जानेवारीत खाली कोरडा नाला बघून ‘पाणीच नाही’ असं लिहू नका, वर जा. सुकी नदीचं नावच बोलकं आहे, पण गारबर्डीच्या धरणाच्या वरच्या अंगाला वाहतं पाणी सापडतं. मोबाइलची रेंज भरवशाची नाही, नकाशे आधीच उतरवून घ्या आणि परतायची वेळ पालला कोणाला तरी सांगून ठेवा.

इथे काम तळातल्या कीटकांचं. ३० सेंटिमीटर तोंडाची डी-आकाराची जाळी, छिद्र ५०० मायक्रॉन. प्रवाहाच्या खालच्या टोकाला सुरुवात करा आणि वर सरकत जा. उलट गेलात तर तुम्हीच गढूळ केलेलं पाणी पुढच्या नमुन्यात येतं. जाळी खाली टेकवून तिच्या वरच्या बाजूचा तळ पायाने ढवळायचा, एकूण तीन मिनिटं. ही तीन मिनिटं खळखळाट (उथळ, वेगाने वाहणारा भाग), डोह, पाचोळा आणि मुळं यांत त्यांच्या प्रमाणात वाटा. सगळी खळखळाटात घालवली तर ओढा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. शेवटी एक मिनिट दगड उलटून हाताने, आणि दगड होते तसे परत.

पांढऱ्या ट्रेमध्ये ओतल्यावर घाई नको. पाचोळ्याच्या तुकड्यासारखं दिसणारं हललं तर ते घर बांधून राहणारं कॅडिसफ्लायचं पिल्लू. पोटाच्या कडेला कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या असतील तर मेफ्लाय. दोन शेपट्या, पायांवर दोन-दोन नख्या आणि पोटाच्या कडेला कल्ले नाहीत ती स्टोनफ्लाय, आणि ती सापडली तर जागा नीट लिहून ठेवा, कारण तिला गार आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. गाळातल्या लाल अळ्या कमी प्राणवायूतही तग धरतात, त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्या असणं वाईट नाही, फक्त त्याच असणं वाईट.

बरणीत ८० टक्के अल्कोहोल, नमुना बरणीच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको. किड्यांच्या अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं, म्हणून २४ तासांनी बदला. चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेलं लेबल गाडीत निघतं. परत आल्यावर एका बरणीवर फक्त ‘ओढा, तीन’ एवढंच वाचता आलं. ती बरणी बाद केली.

काठच्या खडकावर माशांचे खवले असलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर पाणमांजराची शक्यता धरा. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, अक्षांश-रेखांश नोंदवा, उचलू नका.

जाळी, बूट आणि दोरी हतनूरहून वर नेण्याआधी घासून, उन्हात पूर्ण वाळवून घ्या. खालच्या जलाशयातली पाणवनस्पती किंवा गोगलगायीची अंडी पालच्या ओढ्यात आपल्याच जाळीतून जायला नकोत. एका दिवसात दोन्ही ठिकाणं उरकायची असतील तर जाळ्यांचे दोन वेगळे संच ठेवा. वेळ आणि पैसे दोन्ही कमी असतील तर पाल सोडा आणि हतनूरला पहाटेचा दुसरा नमुना घ्या.